एकशे एक नंबरची गरिमा

शालिनीताई मोहिते रोज सकाळी साडेनऊला एक नीट घातलेलं अंथरूण विस्कटतात. वेड लागलंय म्हणून नव्हे, नोकरीच ती आहे. ग्वाल्हेर संपून झाशीचा रस्ता शेतांमधून धावायला लागतो, तिथे एक खाजगी कॉलेज आहे. नाव नको घ्यायला. अशी कॉलेजं त्या रस्त्याला ओळीनं आहेत आणि प्रत्येकाच्या फाटकावर तीच हसरी मुलं आहेत. या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात, ए ब्लॉकच्या तळमजल्यावर, एकशे एक नंबरची खोली आहे. पलंग आहे, टेबल आहे, खिडकीला फुलाफुलांचा पडदा आहे, फक्त राहायला कोणी नाही. मुलीला घेऊन आईवडील कॉलेज बघायला येतात, त्यांना दाखवायची ती खोली आहे.

सहा वर्षांपूर्वी ताई इथे केअरटेकर म्हणून लागल्या, तेव्हा या खोलीतल्या गादीवर दुकानाचं प्लास्टिक तसंच होतं. लोक दारातून डोकावत, "अच्छा है" म्हणत आणि पुढे चालू लागत. ताईंना ते बघवेना. त्यांचे आजोबा संस्थानाच्या फराशखान्यात होते. गाद्या, गालिचे, पडदे, तंबू सांभाळणारं खातं ते. पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन आले आणि पुढच्यांच्या हाती लोड-तक्के राहिले, असं ताईंचे यजमान सूर्याजी त्यांना अजून चिडवतात. सूर्याजींचे पूर्वजही तलवारच घेऊन आले होते आणि सूर्याजी स्वतः घरोघरचे विजेचे मीटर वाचत निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी फार बोलू नये. तर आजोबांनी लहानग्या शालूला शिकवलं होतं की पाहुण्याला खोली दाखवायची ती राहती दिसली पाहिजे. चादरीला एका बाजूनं सुरकुती हवी, सुरईला बाहेरून पाण्याचे थेंब हवेत, दिव्याची वात एकदा जळलेली हवी. कोरी खोली बघितली की पाहुण्याला वाटतं, इथे कोणी टिकत नाही.

ताईंनी प्लास्टिक काढून टाकलं. उशीला मधोमध खळगा पाडला. टेबलावर अर्धवट लिहिलेली वही उघडी ठेवली, तिच्यावर पेन, पेनाचं टोपण मात्र खाली पडलेलं. खुर्चीच्या पाठीवर ओढणी, पलंगाखाली चपला, त्यातली एक उलटी. आरशाच्या कडेला दोन टिकल्या चिकटवलेल्या. भिंतीवर वेळापत्रक लावलं, तेव्हा त्याच्या कोपऱ्यात कुणाचं तरी नाव हवं होतं, म्हणून त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, गरिमा. हेच नाव का, ते त्यांनाही सांगता येणार नाही.

खोलीचा गुण लगेच दिसला. लोक आत येऊन पलंगावर बसायला लागले. आया वही चाळून बघत आणि स्वतःच्या मुलीला म्हणत, बघ किती सुंदर अक्षर आहे हिचं. कॉलेजच्या जाहिरातींचं काम अंशुल नावाचा एक सत्तावीस वर्षांचा हसतमुख माणूस बघतो. दिल्लीला शिकून आलाय, आणि कॅम्पस लाईफ हे दोन शब्द तो दिवसातून जपमाळेइतक्या वेळा घेतो. त्यानं खोली पाहिली, कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला की ताई, आता या खोलीला तुमच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

मग ताईंना चटकच लागली. आतून एक हौस होती ती बाहेर पडली म्हणा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी शाळेतून त्या दहावी झाल्या होत्या, अकरावीचा फॉर्मही भरला होता, आणि मार्गशीर्षात लग्न झालं. कॉलेजात जायचं राहून गेलं. त्याबद्दल त्या कधी रडल्या नाहीत, पण कॉलेजात मुली नेमकं करतात तरी काय, हा प्रश्न पस्तीस वर्षं त्यांच्या मनात तसाच होता. दौलतगंजातल्या त्यांच्या शेजारणींना वाटे की ताई कॉलेजात झाडू-पुसण्यावर देखरेख करतात. ताई करत होत्या ती वेगळीच देखरेख.

एकाच खोलीतल्या दोघी एकमेकींना फोनवरून निरोप का पाठवतात? एका इयरफोनची दोन टोकं दोघींच्या कानात, मग दोघींना सारखंच गाणं अर्धं अर्धं ऐकू येतं का? परीक्षेच्या दिवशी सगळ्याजणी केस का धूत नाहीत? आणि अंशुलनं रंगीत गाद्या टाकून सजवलेला 'स्टुडंट झोन' नेहमी ओस, तर जनरेटरच्या खोलीमागची तुटकी पायरी नेहमी भरलेली, असं का? ताई येताजाता बघत, आणि जे समजे ते गरिमाच्या खोलीत आणत. एकदा त्यांनी गरिमाच्या खिडकीच्या गजाला केस बांधायचे चार रबर अडकवले, कारण वरच्या मजल्यावर प्रत्येक खिडकीला ते असतातच. असं करता करता गरिमा चांगली मोठी झाली. ती भिंडकडची, वडील मास्तर, तिखट खाणारी, सकाळी उठायचा कंटाळा असलेली मुलगी होती. खोली बघायला आलेलं कोणी विचारलंच की ही मुलगी कुठेय, तर ताई सांगत, लेक्चरला गेलीय.

एवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं.

गेल्या जूनमध्ये गुणा गावाहून एक मराठी कुटुंब आलं. आई सुनंदा गर्दे, आणि मुलगी प्रांजली. वडील नोकरीमुळे येऊ शकले नव्हते. मराठी ऐकून ताईंना बरं वाटलं. प्रांजली काही बोलेना. घरात एकटी वाढलेली, रात्रभर कधी कुणाकडे राहिलेली नाही, असं आईच सांगत होती, आणि मुलगी दारातच चौकटीला धरून उभी होती. आईच्या मनातून तिनं इथे यावं असं होतं, मुलीचा चेहरा नको म्हणत होता. मग मुलीनं ती वही बघितली, वेळापत्रकावरचं नाव वाचलं आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. विचारलं, ही दीदी पहिल्यापासून अशीच राहते का? म्हणजे, तिला करमतं?

इथे ताईंची जीभ सुटली. त्यांनी सांगितलं की गरिमा आली तेव्हा आठ दिवस रडली होती. जेवणघरात एकटी बसायची. मग हळूहळू रुळली. आता तिच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. हे सगळं सांगताना त्यांना ते खरंच वाटत होतं, ही त्यातली मोठी गंमत. प्रांजली ऐकत होती आणि तिचा चौकटीवरचा हात सैल पडत गेला. त्याच दुपारी तिनं प्रवेश घेतला.

ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू झालं. प्रांजलीला मागच्या बी ब्लॉकमध्ये जागा मिळाली, चौदा नंबर. एका खोलीत तिघी, आणि खिडकीतून दिसते पाण्याची टाकी. सुनंदाताई सामान लावून गुण्याच्या बसला निघाल्या तेव्हा मायलेकी ए ब्लॉकच्या ओट्यापाशी उभ्या होत्या. दोघींचे डोळे लाल. प्रांजलीनं ताईंना बघितलं आणि तिथेच विचारलं, गरिमादीदी कुठे भेटेल?

खरं सांगायची ती वेळ होती. पण समोर आई निघालेली, मुलीच्या हातात आईच्या पदराचं टोक, आणि ताईंच्या तोंडून निघालं की गरिमाची शहरात ट्रेनिंग चालू आहे, सकाळी लवकर जाते, यायला उशीर होतो, आणि तोवर तुमच्या ब्लॉकचं फाटक बंद होतं. "तू चिठ्ठी टाक ना दाराखालून," ताई म्हणाल्या. "ती नक्की वाचेल."

सुनंदाताई हे ऐकून जराशा हसल्या आणि रिक्षात बसल्या. ताई त्या रात्री सूर्याजींना म्हणाल्या की आज मी एक मोठं खोटं बोलले. सूर्याजींनी विचारलं, कामावर का? ताई हो म्हणाल्या. कामावर चालतं, असं म्हणून सूर्याजी बातम्या बघायला लागले.

तिसऱ्या दिवशी दाराखाली चिठ्ठी होती. हिंदीत, घडी घातलेली, वर 'गरिमा दीदी के लिए'. ताईंनी ती चारदा वाचली. जेवणघरात कुणाशेजारी बसायचं, इतकंच त्या मुलीनं विचारलं होतं. या प्रश्नाचं उत्तर ताईंना येत होतं, सहा वर्षं त्या हेच तर बघत होत्या. त्यांनी लिहिलं की दाराजवळच्या टेबलावर बसू नको, तिथे सीनियर बसतात. खिडकीकडे बस, आणि शेजारणीला लोणचं विचार, लोणच्यावरून बोलणं सुरू होतं. चिठ्ठी त्यांनी दाराच्या कडीत खोचून ठेवली. दुपारी ती तिथे नव्हती.

असं सुरू झालं ते थांबेना. आठवड्यातून दोन-तीन चिठ्ठ्या येत. शिकायला मिळालं ते ताईंनाच. पस्तीस वर्षांचा त्यांचा प्रश्न कुणीतरी घरपोच सोडवून देत होतं. प्रांजलीनं लिहिलं की जनरेटरच्या पायरीवर सगळे बसतात, कारण तिथे आवाजामुळे तुमचं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही. ताई हे वाचून खुर्चीत मागे टेकून हसल्या. सहा वर्षं त्यांना वाटत होतं की तिथे सावली असते म्हणून. तिनं लिहिलं की 'कल्चरल डे'ला सगळ्यांना फेटे बांधून मैदानात बोलावलं, वरून ड्रोन फिरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दहा मिनिटांनी फेटे परत घेतले. कार्यक्रम असा काही झालाच नाही, पण कॉलेजच्या पेजवर तो व्हिडिओ बघून आईचा फोन आला की किती मजा करताय गं तुम्ही. तिनं लिहिलं की केटलीमध्ये मॅगी करता येते आणि बटाटे पण उकडता येतात. लेक्चरमध्ये मागच्या बाकावर दोन मुली झोपतात आणि तिसरी पहारा देते, पाळी लावून, आणि तिला अजून कुणी पाळीत घेतलेलं नाही.

शेवटच्या वाक्यावरून ताईंना कळायचं ते कळलं. मुलगी अजून एकटीच होती. गरिमाशी मात्र ती भरभरून बोलत होती.

गणपती आले. ताईंच्या घरी दीड दिवसाचा असतो. आरतीनंतर खिरापत वाटताना त्यांना त्या मुलीची आठवण झाली. सणाला पहिल्यांदाच घराबाहेर होती. दुसऱ्या दिवशी खारीक, खोबरं, खसखस, खडीसाखर, सगळं नीट घातलेली खिरापत त्यांनी एका स्टीलच्या डब्यात भरली आणि डबा कापडी पिशवीतून एकशे एकच्या कडीला अडकवला. सोबत चिठ्ठी, 'तुम्हारे लिए, गरिमा'. भिंडच्या हिंदी बोलणाऱ्या मास्तराच्या घरी खिरापत कशाला होईल, हा विचार त्यांना टेम्पोत बसून परत येताना फूलबागेपाशी आला. तेव्हा उशीर झाला होता. उत्तर आलं ते असं की दीदी, बहुत अच्छा था, बिल्कुल घर जैसा. ताईंच्या जिवात जीव आला. डबा काही परत आला नाही, पण डब्याचं कोण लक्षात ठेवतं.

त्यानंतरच्या चिठ्ठ्यांमधले प्रश्न मात्र बदलले, आणि ताईंना त्याचं नवल वाटत राहिलं. प्रांजली आता गरिमाला गरिमाबद्दल विचारायला लागली. दीदी, तुम्ही कॉलेजात आलात तेव्हा तुम्हाला काय व्हायचं होतं? तुम्हाला कुणी अडवलं का? अभ्यासात काय आवडायचं? ताईंनी लिहिलं, भूगोल. नकाशे काढायला आवडायचे, नद्या निळ्या पेन्सिलीनं. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. घरी पोळ्या लाटताना त्यांना वाटायचं, उद्या ती काय विचारेल?

आणि दिवाळीच्या आधी, सुट्टीला चार दिवस असताना, ती चिठ्ठी आली. दीदी, मी दिवाळीला घरी जाते आहे आणि परत येईन असं वाटत नाही. आईला फोनवर सांगितलंय की गुण्याच्या कॉलेजात बी.ए. करीन. इथे मी एका तुमच्याशीच बोलते आणि तुम्हाला तर मी पाहिलंसुद्धा नाही. एकदा भेटा, मग काय ते ठरवीन.

ताई पलंगावर बसल्या, आपणच विस्कटलेल्या अंथरुणावर. या मुलीला इथे आणलं त्यांनीच. गुण्यात सुखात होती, आईजवळ होती. खोटं सांगून तिला आणलं, खोटं लिहून तिला धरून ठेवलं, आणि तिघींच्या खोलीत तिची एकही मैत्रीण होऊ दिली नाही, कारण तिला गरिमा पुरत होती. आता खरं सांगावं तर तिची एकुलती एक मैत्रीण आपल्या हातानं मारायची. न सांगावं तर मुलगी कॉलेज सोडून चालली. ताईंनी तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही फाडली. त्यांना रडू आलं आणि त्या थोडा वेळ रडल्या.

दुसऱ्या दिवशी अंशुलचं शूटिंग होतं. दिवाळीत मुलं घरी जातात, नातेवाइकांच्या घोळक्यात कॉलेजचा विषय निघतो, त्याच्या आत एक नवी रील सोडायची होती; एकशे एक नंबरमध्ये राहणारी मुलगी खोली दाखवते, अशी. कॅमेरावाला आला, दिवे लागले, ताईंना चादर नीट विस्कटायला उभं केलं. आणि अंशुल जिला घेऊन आला ती प्रांजली होती. तिचा चेहरा त्याला कॅन्टीनमध्ये दिसला होता. सिंपल, होमली, एकदम रिलेटेबल, असं तो कॅमेरावाल्याला सांगत होता. ताईंच्या हातातली उशी हातातच राहिली.

अंशुलनं तिला टेबलाशी बसवलं आणि काय बोलायचं ते सांगितलं. हाय, हा माझा रूम आहे, आणि हे माझं दुसरं घर आहे, एवढंच. प्रांजलीनं वहीकडे पाहिलं. वेळापत्रकावरच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "सर, यहाँ कौन रहता है?"

"कोई नहीं यार," अंशुल म्हणाला. "सैंपल रूम है. ये सब ताई का कमाल है."

प्रांजली खुर्चीतच वळली. ताईंनी तिचा चेहरा बघायचं टाळलं, पण कान कुठे बंद करता येतात. मुलगी मराठीत बोलली, हळू, घरातल्यासारखी. "ताई, तुम्ही सांगा. इथे कोण राहतं?"

एक अनोळखी माणूस, दिवे, कॅमेरा, आणि नोकरी देणाऱ्यांचा माणूस समोर उभा. ताईंनी उशी खाली ठेवली. "कोणी नाही राहत, बेटा," त्या म्हणाल्या. "गरिमा म्हणून कोणी नाहीच. चिठ्ठ्या मी लिहून राहिली होती. मी फक्त दहावी झालेली आहे. तू माझ्यामुळे इथे आली, चूक माझी आहे."

प्रांजलीनं समोरची वही मिटली. मग "बरं" म्हणाली. एवढंच, बरं. अंशुलला तिनं सांगितलं की हा माझा रूम आहे असं मी म्हणणार नाही, माझा बी-चौदा आहे; नुसती बसते, वाचते, ते काढून घ्या. अंशुलनं ते काढून घेतलं, कारण प्रकाश चांगला होता. ती निघून गेली आणि ताईंकडे तिनं वळून पाहिलं नाही.

अंशुलनं मात्र ताईंना सोडलं नाही. कसल्या चिठ्ठ्या, किती चिठ्ठ्या, अजून आहेत का? त्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं, ते खरं होतं असं मानायला ताई आजही तयार आहेत. पण ते पुसायच्या आत तो म्हणाला की ही तर कमालीची स्टोरी आहे, चिठ्ठ्या मिळाल्या तर पूर्ण कॅम्पेन होईल, हॉस्टेल दॅट राइट्स बॅक. ताईंनी त्याला सांगितलं की मला नोकरीवरून काढायचं तर काढा, पण त्या चिठ्ठ्या एका पोरीनं तिच्या मैत्रिणीला लिहिल्यात, त्या मागायच्या नाहीत. आपल्या तोंडून हे निघालं याचं ताईंनाच आश्चर्य वाटलं. अंशुलनं त्यांना काढलं नाही. एकशे एकचं अंथरूण दुसऱ्या कुणाला तसं विस्कटता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

दिवाळीत ताईंचं कशात लक्ष लागेना. शेव करताना दोनदा तेल जळलं. लाडू भरायला डबा शोधायला गेल्या तर सूर्याजी म्हणाले की तो मधला डबा कुठे गेला, तुझ्या माहेरचा? ताई म्हणाल्या, दिला एकीला. सूर्याजी म्हणाले, "नाव आहे ना त्याच्या बुडाला. मग येईल परत, कुठे जातो."

ताईंचा हात लाडवांवरच थांबला. लग्नातली भांडी ती. आईनं बाड्यावरच्या बाजारातल्या दुकानातून घेऊन प्रत्येक भांड्यावर मशीननं टोचून नाव घातलं होतं, सौ. शालिनी सूर्याजी मोहिते. पस्तीस वर्षं रोज हातात असलेलं नाव कुणाला दिसतं? त्यांना दिसत नव्हतं. पण परक्या हातात डबा गेला की पहिलं बूडच बघितलं जातं. मुलीनं ते वाचलं असेल का? वाचलं असेल तर गणपतीपासून दिवाळीपर्यंत ती कुणाला लिहीत होती? आणि नसेल वाचलं, तर उगीच आशा कशाला धरायची. ताईंनी लाडू परातीतच झाकून ठेवले.

सुट्टी संपली. सोमवारी ताई नेहमीपेक्षा एक आधीचा टेम्पो पकडून गेल्या. बी ब्लॉकच्या बाजूला त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही. एकशे एकपाशी आल्या तर कडीला पिशवी होती, त्यांचीच, कापडी. हातात घेतली तर जड होती. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, एवढं गुण्यातही पाळतात. आत चकल्या होत्या, वर कागदाची घडी. या वेळी मजकूर मराठीत होता आणि वर नाव होतं, शालिनीताईंना.

ताईंनी दार उघडलं, आत गेल्या आणि खुर्चीत बसून वाचलं.

"ताई, एकशे एक रिकामी आहे हे मला मुलींनी पहिल्याच महिन्यात सांगितलं. मग चिठ्ठ्या लिहितं कोण, हे शोधायचं होतं म्हणून मी लिहीत राहिले. गणपतीत डब्याखाली नाव वाचलं. तेव्हा राग आला होता. मग वाटलं, तुम्ही सांगता का बघू. खूप वाट बघायला लावली तुम्ही. मी परत आले आहे. चौदा नंबरमधल्या दोघींना चकल्या आवडल्या, येत्या शुक्रवारपासून झोपायच्या पाळीत मला घेतलंय. घरी डबा घासताना आईनं विचारलं, हे नाव कुणाचं? मी म्हटलं, माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं."

ताईंनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं. जिनं कधीकाळी अकरावीचा फॉर्म भरला होता, ती मुलगी त्या खुर्चीत बराच वेळ बसून राहिली. मग त्या उठल्या, भिंतीवरचं वेळापत्रक काढलं आणि कोपऱ्यातलं गरिमाचं नाव खोडून तिथे वळणदार अक्षरात शालिनी लिहिलं. साडेनऊ वाजून गेले होते. अंथरूण त्यांनी तसंच नीट राहू दिलं आणि चकलीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला.